लांबूनच खेळीन

बारकीच्या घरी फोन आला की पलीकडचा माणूस हमखास म्हणायचा, "बाळ, आईला दे पाहू फोन."

"मीच आई बोलतेय."

मग पलीकडचा म्हणायचा, "बरं, बाबा आहेत का घरात?"

शेवटी ती वैतागून लेकीला हाक मारायची. लेक आठ वर्षांची, पण आवाज असा घोगरा, की सर्दी झालेला पोलीस बोलतोय असं वाटावं. तिने फोन घेऊन नुसतं "बोला" म्हटलं, की गॅसवाला मुकाट्याने सगळं सांगून टाकायचा. नवरा हसून हसून लोळायचा. "आमच्या घरात मायलेकींचे आवाज डिलिव्हरीच्या वेळी बदलले," असं तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

बारकीचं खरं नाव फक्त कागदपत्रांवर होतं. आवाज बारीक म्हणून ती बारकी. उंची वाढली, लग्न झालं, मूल झालं, कानाजवळ पांढरे केस आले, पण आवाज आपला शाळेच्या दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेतच बसून राहिला. लहानपणी आईवडिलांनी डॉक्टरांना दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले, घसा छान आहे, असतो एखाद्याचा असा. त्या आवाजाने तिला बरंच छळलं. कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची, तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, "मोठं कुणी नाही का?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला भांडता येत नसे. ती खरोखर संतापली, डोळे भरून आले, तरी तोंड उघडलं की समोरच्याला हसू यायचं. रागावलेलं मांजराचं पिल्लू बघून येतं ना, तसं. पुढे पुढे तिने रागावणंच सोडून दिलं.

आवाजाच्या कामाला लागली ती योगायोगाने. तिची नणंद एका रेकॉर्डिंग स्टुडिओत रिसेप्शनला होती. एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला बारकी गेली आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये कुणाला तरी विचारत होती, "ताई कुठे बसतात?" तेवढ्यात आतल्या जाड दारातून एक टक्कल बाहेर आलं. "कुणाचं पोर आहे हे? आत पाठवा पटकन." बघतो तर छत्री झटकत उभी असलेली तिशीतली बाई. हे डबिंगचे डायरेक्टर, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मास्तर क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, आजपर्यंत कुठे होतात तुम्ही?" इतक्या आनंदाने तिच्या आवाजाचं स्वागत तोवर कुणी केलं नव्हतं.

तेव्हापासून ती बोलत आली. ससे, बाहुल्या, शाळेला न जाणारी मुलं, एक गर्विष्ठ टूथब्रश. नुकत्याच जन्मलेल्या बाळांचं रडणं तर एवढ्या वेळा केलं, की शेजारची बाई बाळंत झाली तेव्हा तिला ते खरं रडणं जरा कच्चं वाटलं. तळघरातली ती खोली, भिंतींवरचा कुबट गालिचा, समोर माइक, काचेपलीकडे मास्तर आणि रेकॉर्डिस्ट. तिथे गेली की ती मोकळी व्हायची. घरी येऊन लेकीला सगळं करून दाखवायची. लेक शांतपणे बघायची आणि जाड आवाजात म्हणायची, "ससा बरा होता. टूथब्रश जरा जास्तच झाला."

लेक अशी एकटीच मोठी होत होती. भांडखोर नव्हती, रडकी नव्हती. फक्त तिच्याकडे कुणी यायचं नाही. वर्गात डबा खाताना ती शेवटच्या बाकावर. वाढदिवसाला कुणाला बोलवायचं विचारलं, की म्हणायची, "आपण तिघंच जाऊ ना कुठेतरी." बाप लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. तो लेकीला 'साहेब' म्हणायचा. "साहेब, दूध प्या. साहेब, दौऱ्यावर चला." सुटीच्या दिवशी तो तिला लिफ्टच्या मशीनच्या खोलीत न्यायचा, ती तिथे पान्हे हातात देत बसायची. बापाला यात काही वावगं दिसत नव्हतं. बारकीला दिसायचं, पण तिच्याजवळ त्यावर उपाय नव्हता. मैत्रीण काही दुकानात मिळत नाही.

एका संध्याकाळी बारकी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत वाळलेले कपडे काढत होती. खाली आवारात मुली बॉल खेळत होत्या, इमारतीतल्याच, बऱ्याचशा लेकीच्या वर्गातल्या. लेक कडेला येऊन उभी राहिली. थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग खेळ थांबला तशी दोन पावलं पुढे झाली आणि म्हणाली, "मला घेता का? मी नुसता बॉल आणून देईन."

एवढंच. पण 'का' म्हणण्याआधी तिने आवंढा गिळला, आणि वाक्य संपताना ती जराशी हसली. नाही म्हणालात तरी चालेल, मी काही मनावर घेणार नाही, हे आधीच सांगून ठेवणारं हसू. बारकीच्या हातात ओला राहिलेला एक मोजा होता, तो तिने मुठीत धरून ठेवला.

"आज नको गं, आमची टीम झालीये," एक मुलगी म्हणाली. तिच्या केसांना नेहमी लाल पट्टा असायचा.

"बरं," लेक म्हणाली. आणि सायकलींच्या रांगेजवळ जाऊन खाली बसली, बुटाची नाडी बांधत. तिच्या बुटांना नाडी नव्हती.

बारकीला वाटलं, धावत खाली जावं. पण जाऊन काय करायचं? मुलींना रागवायचं? त्या हसल्या असत्या. लेकीचा हात धरून आणायचं? म्हणजे सगळ्यांदेखत तिची शोभा. ती खिडकीतच उभी राहिली. थोड्या वेळाने लेक वर आली.

"खेळलीस का गं?"

"हो. खूप," लेक म्हणाली आणि हात धुवायला गेली.

त्याच सुमारास स्टुडिओत एक मोठा सिनेमा आला. बाहेरच्या देशातला कार्टून सिनेमा, तो आपल्या भाषेत करायचा होता. एका चिचुंद्रीच्या पिल्लाची गोष्ट. पावसात बीळ वाहून जातं, पिल्लू एकटंच एका मोठ्या बागेत येऊन पडतं. बागेत खारी आहेत, ससे आहेत, सगळ्यांची पोरं खेळताहेत, पण चिचुंद्रीला वास येतो, म्हणून ती दिसली की सगळे नाक धरून पळतात. शेवटी तिला भेटतो एक म्हातारा कुत्रा, ज्याचं नाक निकामी झालंय. त्यांची मैत्री म्हणजे पुढचा सिनेमा. पण त्याआधी एक प्रसंग होता. पिल्लू खेळणाऱ्या पोरांपाशी जातं आणि विचारतं, "माझ्याशी खेळता का? मी लांबूनच खेळीन."

त्या वाक्यावर गाडी अडली. बारकीने ते किती तऱ्हांनी म्हटलं. मास्तर काचेपलीकडून मान हलवत राहिले.

"रडताय तुम्ही," ते म्हणाले. "ती रडत नाहीये. ती विचारतेय."

पुन्हा घेतलं. "आता लाडात आलात."

पुन्हा. "आता केविलवाणी. अहो, तिला वाटतंय की या वेळी हो म्हणतील."

बारकीने कानांवरचा हेडफोन सारखा केला. पडद्यावर पिल्लाने तोंड उघडलं, आणि तिच्याही नकळत 'का' म्हणण्याआधी तिने आवंढा गिळला, आणि शेवटी ती जराशी हसली.

रेकॉर्डिस्टने चष्मा काढून शर्टाला पुसला. मास्तर एवढंच म्हणाले, "झालं."

ती बाहेर येऊन जिन्यावर बसली. आपण केलं ते काय केलं, हे तिला कळत होतं. पण खोटं कशाला बोला, तिला आनंदही झाला होता. इतक्या वर्षांत असं काम झालं नव्हतं. आणि आवाज तर आपलाच आहे, तिने मनाशी म्हटलं. लेकीचा आवाज कुठे, माझा कुठे. कोण ओळखणार आहे?

सिनेमा लागला आणि धो धो चालला. ते वाक्य जाहिरातीत घेतलं होतं, त्यामुळे ते टीव्हीवर होतं, दुकानांत होतं, लोकांच्या फोनवर वाजत होतं. बिस्किटांच्या पुड्यावर चिचुंद्री आली. बारकीचं नाव पडद्यावर अगदी शेवटी यायचं, थिएटरचे दिवे लागल्यावर, पण नातेवाइकांत ती एकदम मोठी झाली. तिची आत्या फोनवर रडली.

तिघं मिळून बघायला गेले. नवरा सुरुवातीपासून कोपराने ढोसत होता, "तूच ना? ही तूच ना?" तो प्रसंग आला. पिल्लू दोन पावलं पुढे झालं, बोललं. सगळं थिएटर हळहळलं. बारकीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, तर लेक पडद्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती. हातातली पॉपकॉर्नची पिशवी तशीच धरलेली.

परत येताना नवरा सारखं नाक शिंकरत होता. "काय केलंयस गं! त्या कुत्र्याच्या वेळी तर मी गेलोच. काय साहेब, कसा वाटला सिनेमा?"

"चांगला आहे," साहेब म्हणाले.

घरी आल्यावर नवरा अंघोळीला गेला. लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"तू खिडकीत होतीस?"

"कधी गं?" बारकी म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला स्वतःची लाज वाटली. "हो. होते."

लेकीने थोडा विचार केला. "मग खाली का नाही आलीस?"

बारकीकडे उत्तर होतं तसं. मी आले असते तर त्या तुलाच आणखी हसल्या असत्या. पण आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडाकडे बघून ते उत्तर सांगवेना. ती म्हणाली, "चुकलंच माझं." लेकीने मान डोलावली, जणू एवढंच विचारायचं होतं, आणि दप्तर भरायला गेली.

शाळेत पहिले काही दिवस भलतंच घडलं. हिची आई म्हणजे ती चिचुंद्री, हे कळलं आणि मुली लेकीभोवती जमायला लागल्या. लाल पट्टेवालीने तिला आपल्या बाकावर जागा दिली. लेक घरी येऊन जेवताना बोलायला लागली, कोण काय म्हणालं, कुणाच्या डब्यात काय होतं. बारकी ते शब्द पोटात साठवून ठेवायची. मग वर्गाच्या बाईंचा फोन आला. एक दिवस वर्गात याल का, मुलांना फार उत्सुकता आहे.

"जाऊ का?" तिने लेकीला विचारलं.

"नको."

"अगं, थोडाच वेळ. मुलींना आवडेल. तुझ्याच मैत्रिणी ना?"

लेक काही बोलली नाही. बारकीने ते 'हो' धरलं. आपण गेलो तर लेकीचं वजन वाढेल, मैत्री पक्की होईल, असा तिचा साधा हिशेब होता.

वर्गात टाळ्या पडल्या. तिने ससा केला, टूथब्रश केला, बाळाचं रडणं केलं. मुलं बाकांवर उभी राहिली. चिचुंद्रीची दुसरी वाक्यं म्हणून दाखवली, कुत्र्याशी भांडण करून दाखवलं. ते एक वाक्य तिने टाळलं.

"काकू, ते म्हणा ना! लांबूनच खेळीन!" लाल पट्टेवाली ओरडली.

"ते आता नको हं. घसा बसलाय माझा."

"लांबूनच खेळीन! लांबूनच खेळीन!" सगळा वर्ग ओरडायला लागला. बारकी बाईंकडे बघत होती, बाई कौतुकाने हसत होत्या. तेवढ्यात लाल पट्टेवालीनेच उभं राहून ते वाक्य म्हटलं. पोर हुशार. आवंढा अगदी जागेवर, शेवटचं हसूही तसंच. आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा बदलला, काहीतरी सापडल्यासारखा. ती लेकीकडे वळली.

"अय्या! ही अशीच म्हणते! मला घेता का... हो की नाही गं? ही सेम अशीच म्हणते!"

दुसऱ्या एकीला आठवलं. मग तिसरीला. वर्गात हशा पिकला. त्यात फार दुष्टपणा होता असंही नाही, मुलांना साम्य सापडलं की गंमत वाटतेच. लेक जागेवर बसून होती आणि तीही हसत होती. तेच हसू. बारकी फळ्यासमोर उभी होती, तिला तोंड उघडता येत होतं, पण त्यातून जो आवाज निघाला असता त्याने वर्ग आणखीच हसला असता.

त्या दिवसापासून लेकीचं नाव चिचुंद्री पडलं. ती आली की मुली नाक धरायच्या. ती काहीही मागायला गेली, खोडरबर म्हणा, पाण्याची बाटली म्हणा, की कुणीतरी आधीच तिच्या वतीने म्हणायचं, "मी लांबूनच घेईन." हे बारकीला लेकीकडून कळलं नाही. जिन्यात दोन पोरी बोलत होत्या, ते कानावर आलं.

ती बाईंना जाऊन भेटली. बाई खरोखर चांगल्या होत्या, त्यांनी वर्गात समज दिली आणि सगळ्यांना लेकीशी हात मिळवायला लावले. एकेक मूल पुढे येऊन हात मिळवून गेलं, आणि मागे जाऊन हात पँटला, फ्रॉकला पुसू लागलं. तो एक नवाच खेळ झाला.

मग ती लाल पट्टेवालीच्या घरी गेली. आईने दार उघडलं, प्रेमाने आत बसवलं.

"तुमच्या मुलीला सांगा," बारकी म्हणाली, "माझी मुलगी काही बोलत नाही, पण तिला त्रास होतो. हे थांबलं पाहिजे." तिचा आवाज चिरकला. ती चिडली होती.

त्या बाईने ओठ घट्ट मिटले. हसू दाबायला. "सॉरी हं," ती म्हणाली, "पण तुम्ही बोललात की डोळ्यांपुढे तेच येतं हो. मुलं आहेत, सिनेमातलं बोलतात. आमची तर तुमचं किती कौतुक करते. विसरतील चार दिवसांत." आणि जाताना धाकट्यासाठी फोनवर 'दोन शब्द' रेकॉर्ड करून द्याल का, असंही विचारलं. बारकीने दिले. का दिले, हे तिला आजही सांगता यायचं नाही.

मास्तरांकडे गेली. "ते वाक्य बदलता नाही का येणार? मी पुन्हा म्हणते. फुकट म्हणते."

मास्तरांनी तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. "बाई, तो सिनेमा आता आपल्या हातात आहे का? शेकडो थिएटरांत चाललाय. तुमच्या तोंडून सुटलं, आमच्याही हातून सुटलं." मग म्हणाले, "माझी पण मुलगी होती तुमच्या मुलीसारखी. आता मोठी आहे. विचारलं तर म्हणते, काही नव्हतं तसं."

घरी नवऱ्याने त्याच्या परीने केलं. तो लेकीला रोज शाळेच्या दारापर्यंत सोडायला लागला, वाटेत नाना विनोद करायचा. एक दिवस तो तिला सोडून परत आला आणि चपला न काढता तसाच खुर्चीवर बसला. "दारातून आत जाईपर्यंत बघत होतो," तो म्हणाला. "सगळी पोरं घोळक्याने जातात. आपली भिंतीला धरून जाते. लिफ्ट बिघडली तर मला कळतं गं काय करायचं."

लेक कमी बोलायला लागली. घरात तिचा घोगरा आवाज ऐकू आला, की बारकी हातातलं काम थांबवून ऐकायची. फोनही ती घ्यायची नाही. गॅसवाला पुन्हा "बाळ, आईला दे" म्हणायला लागला.

वर्ष सरलं. सिनेमा उतरला, पुड्यांवर दुसरंच कुणीतरी आलं. त्यानंतरच्या वर्षी तुकड्या बदलल्या, नाक धरणं हळूहळू मागे पडलं. बाकीच्यांना ते आठवतही नसेल. मग मास्तरांचा फोन आला. सिनेमाचा दुसरा भाग येतोय. चिचुंद्री मोठी झालीये, तिला आता पिल्लं आहेत. काम मोठं आहे, कंपनीला तोच आवाज हवाय.

बारकीने या खेपेला लेकीला आधी विचारलं. खरंच विचारलं, समोर बसवून.

"मला काय विचारतेस?" लेक म्हणाली. तिच्या सुरात राग नव्हता. काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारकीने मास्तरांना नाही म्हणून कळवलं. मास्तर समजले, आग्रह केला नाही. संध्याकाळी तिने लेकीला सांगितलं, "मी नाही म्हटलं."

"मग आता कोण करणार?"

"दुसरी कुणीतरी. मिळेल त्यांना."

"म्हणजे होणारच."

"हो."

लेक गणितं सोडवत होती. तिने एक ओळ पुरी केली, खाली रेघ मारली. "मग तूच करायचं होतंस," ती म्हणाली. "तू तरी नीट केलं असतंस."

बारकीला हे ऐकून काय वाटावं तेच कळेना. ती माफी होती, की आणखी काही होतं? विचारायची हिंमत झाली नाही. दुसरा भाग कुणा तरुण मुलीने केला, बारकीचा आवाज ऐकून ऐकून गिरवलेला. सुरुवातीला जुन्या गोष्टीची उजळणी म्हणून ते वाक्यही परत घेतलेलं होतं. त्या मुलीला कुठला आवंढा आणि कुठलं हसू, कशातलं काही माहीत नव्हतं, पण ते जसंच्या तसं उतरलं होतं.

आता लेक वरच्या वर्गात आहे, उंचीने आईच्या कानापर्यंत आली आहे. शाळेतून येताना फाटकापर्यंत तिच्याबरोबर एक मुलगी असते. चष्मा लावणारी, पाठीवर मोठं दप्तर. दोघी फाटकाशी बराच वेळ उभ्या राहतात. कधी बोलतात, कधी नुसत्याच उभ्या. ती कोण, कुठली, मैत्रीण आहे की नुसता रस्ता एक आहे, हे लेक सांगत नाही आणि बारकी विचारत नाही. बारकी वरून बघते, पडद्याच्या जरा मागे उभी राहून. दोघींना वर बोलवावं, काहीतरी खायला द्यावं, असं तिला फार वाटतं. हाक अगदी ओठांपर्यंत येते. ती मारत नाही.